ऐकत चालावे असे अरण्य

आफ्रिकेची सफर म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर केनिया किंवा टांझानियाचा उघडा माळ येतो. पिवळे गवत, दूरवर जिराफांची रांग आणि जीपच्या छतातून बाहेर डोकावणारे कॅमेरे. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाच्या नैऋत्य टोकाला असलेल्या झांगा-सांगाच्या वर्षावनात हे चित्र फारसे उपयोगी पडत नाही. तेथे दहा-पंधरा पावलांपलीकडे हिरव्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. झाडीआड उभा असलेला हत्ती आधी ऐकू येतो आणि पुष्कळदा तेवढाच.

सांगा नदीच्या काठावरील बायांगा हे या सफरीचे मुख्य ठाणे. देशाची राजधानी बांगी येथून ते सुमारे ५०० किलोमीटरवर आहे. लहान विमान मिळाले तर ठीक, अन्यथा लाल मातीच्या रस्त्याने दिवसभराहून अधिक काळ काढावा लागतो. कॅमेरून किंवा काँगोच्या बाजूने नदीतून होडीनेही येता येते. या तीन देशांच्या सीमा येथेच मिळतात आणि झांगा-न्दोकी, लोबेके व नुआबाले-न्दोकी ही तीन देशांची तीन राष्ट्रीय उद्याने एकमेकांना लागून आहेत. 'युनेस्को'ने २०१२ साली या तिन्हींना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला.

बहुतेक पर्यटक येतात ते झांगा बाय पाहण्यासाठी. 'बाय' हा स्थानिक शब्द. मालवणी माणसाच्या ओठी असलेल्या 'बाय'शी त्याचे काही नाते नाही. घनदाट अरण्याच्या मधोमध असलेले नैसर्गिक मोकळवण, असा त्याचा अर्थ. तेथे पोहोचण्यासाठी काही अंतर पायी जावे लागते, त्यातला काही भाग ओढ्याच्या पाण्यातून. मग लाकडी मचाणावर चढले की एकदम आकाश दिसते आणि खाली एका वेळी चाळीसपासून शंभरापर्यंत, कधी त्याहूनही अधिक हत्ती. जमिनीखालचे क्षार मिळवण्यासाठी ते सोंड खोल खड्ड्यात घालतात, पाण्यात फुंकर मारून माती ढवळतात आणि ते पाणी पितात. चांगल्या खड्ड्यावरून भांडणे होतात. मोठा नर आला की बाकीचे निमूट बाजूला सरकतात. भोवताली रानम्हशी, दलदलीतले सिटाटुंगा हरीण, नशीब असेल तर तांबूस अंगावर पांढरे पट्टे मिरवणारे बाँगो, आणि वर करड्या पोपटांचे थवे.

हे हत्ती माळरानावरच्या हत्तींहून निराळे आहेत. शरीराने लहान, कान गोलसर, सुळे सरळ आणि जमिनीकडे झुकलेले. अँड्रिया टर्कालो या अमेरिकी संशोधिकेने १९९० पासून दोन दशकांहून अधिक काळ या मचाणावर बसून त्यांच्या नोंदी ठेवल्या. कानाची चीर, सुळ्याचा आकार, शेपटीचे केस अशा खुणांवरून त्यांनी हजारो हत्ती वेगवेगळे ओळखले. या चिकाटीतून हाती आलेला निष्कर्ष मात्र अस्वस्थ करणारा आहे. वनहत्तीची मादी पहिल्यांदा विते ती सरासरी तेविसाव्या वर्षी आणि त्यानंतर पाच-सहा वर्षांनी एक पिल्लू. माळरानी हत्तीण याच्या जवळपास निम्म्या वयात आई होते. शिकारीत गमावलेली संख्या भरून निघायला सुमारे ९० वर्षे लागतील, असा हिशेब टर्कालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडला.

हानी किती झाली हेही ठाऊक आहे. २००२ ते २०११ या काळात मध्य आफ्रिकेतील वनहत्ती सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. २०२१ साली त्यांची स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंद होऊन त्यांना 'अतिसंकटग्रस्त' ठरवण्यात आले. झांगा बाय त्यातून सुटले नाही. मार्च २०१३ मध्ये बंडखोरांनी बांगी ताब्यात घेतले आणि देशात अनागोंदी माजली. त्या मे महिन्यात बंदूकधारी या मोकळवणापर्यंत पोहोचले आणि किमान २६ हत्ती मारले गेले. गोळ्या झाडण्यासाठी त्यांनी संशोधकांच्याच मचाणाचा आडोसा घेतला. काही काळाने हत्ती परतले. पर्यटक आज बसतो ती जागा ही आहे, आणि वाटाड्यांना तो प्रसंग ठाऊक असतो.

हत्तींचे बरेचसे बोलणे माणसाच्या कानाला पकडता येत नाही, इतके ते खालच्या पट्टीत असते. केटी पेन यांनी १९८० च्या दशकात ते प्रथम टिपले. पुढे त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात सुरू केलेल्या प्रकल्पाने या अरण्यात ध्वनिमुद्रक बसवले. त्यांवर हत्तींचे घुमणे जसे नोंदले जाते, तसा बंदुकीचा बारही.

कानाचे महत्त्व गोरिलांच्या शोधातही कळते. बाय होकू येथे १९९७ पासून पश्चिमी सखल प्रदेशातील गोरिलांना माणसांची सवय लावण्याचे काम चालू आहे. एका कुटुंबाला अशी सवय व्हायला वर्षे लागतात. रोज त्यांना शोधायचे, दुरून दिसायचे आणि निघून यायचे. हे काम बाआका समाजातील माग काढणारे करतात. दुमडलेले पान, चघळून टाकलेली फळाची साल, ओल्या मातीतील बोटांचा ठसा यांवरून ते चालत राहतात. गोरिलांच्या जवळ आले की जिभेने टकटक असा आवाज काढतात. म्हणजे आम्हीच आहोत, दचकू नका. पर्यटकांची संख्या मोजकी, वेळ ठरलेला, तोंडावर मास्क आणि मध्ये ठराविक अंतर. माणसाचे साधे पडसेही गोरिलांना जीवघेणे ठरू शकते.

बाआका हे या अरण्याचे जुने रहिवासी. बाहेरचे लोक त्यांना 'पिग्मी' म्हणत आले, पण स्वतःला ते बाआकाच म्हणवतात. वनस्पतींच्या तंतूंची जाळी लावून लहान हरणे पकडणे, मध काढणे, औषधी साली ओळखणे हे त्यांचे ज्ञान पर्यटकांना दाखवले जाते. बॅरी ह्यूलेट या मानववंशशास्त्रज्ञाच्या अभ्यासानुसार येथील पिता दिवसातला जवळपास निम्मा वेळ तान्ह्या मुलाच्या हाताच्या अंतरावर असतो. त्यांचे बहुस्वरी गायन तर जगप्रसिद्ध आहे. 'युनेस्को'ने २००३ मध्ये त्याचा गौरव केला. आपल्याकडील भजनात बुवा ओळ सांगतात आणि टाळकरी ती उचलतात. येथे प्रत्येक जण वेगळा धागा धरतो, मध्येच दुसऱ्याचा उचलतो, आणि तरी वीण सुटत नाही. लुई सार्नो या अमेरिकी तरुणाने हे गाणे ॲम्स्टरडॅममध्ये रेडिओवर ऐकले आणि त्याच्या शोधात १९८५ साली तो येथे आला. २०१७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने आयुष्याचा बहुतेक काळ येथेच काढला. त्याची एक हजार तासांहून अधिक ध्वनिमुद्रणे ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहेत. मराठी वाचकाला या संदर्भात एक योगायोग आवडेल. १९७७ साली अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत गोव्याच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. त्याच तबकडीवर काँगोच्या अरण्यातील म्बुती या दुसऱ्या वनवासी समाजातील मुलींचे गाणेही आहे.

पण बायांगाचा बाआका गातो, एवढ्यावर त्याची ओळख संपत नाही. १९९० मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याच्या पूर्वजांच्या वाटा शिकारबंदीच्या क्षेत्रात गेल्या. हत्तींना मारणारे बहुधा बाहेरचे आणि बंदुकीचे; नियमांचा जाच मात्र जाळे खांद्यावर घेऊन निघणाऱ्यालाही झाला. मध्य आफ्रिकेतील उद्यानांचे रक्षक स्थानिकांना मारहाण करतात, असे गंभीर आरोप २०१९ मध्ये जाहीर झाले. संवर्धनासाठी पैसा पुरवणाऱ्या जागतिक संस्थेला त्यांची स्वतंत्र चौकशी करवून घ्यावी लागली. बायांगात आता मानवी हक्क केंद्र आहे. उद्यानाच्या उत्पन्नातून काही वाटा गावांना मिळतो, माग काढणाऱ्यांना पगार मिळतो. शेती करणाऱ्या शेजाऱ्यांकडे अल्प मोबदल्यावर राबण्यापेक्षा हे बरे, हे खरे. मात्र ज्याच्या ज्ञानावर सारी सफर उभी आहे, त्याला स्वतःच्या अरण्यात परवानगीने शिरावे लागते, हे पर्यटकाने ध्यानात ठेवून जावे. जाळ्याच्या शिकारीचे किंवा नृत्याचे पैसे कोणाच्या हाती पडतात, हे विचारण्यात संकोच नसावा.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडे. डिसेंबर ते फेब्रुवारी हा कोरडा काळ प्रवासाला सोयीचा. देशातील अशांततेमुळे अनेक सरकारे आपल्या नागरिकांना तेथील प्रवासाबाबत सावध करत आली आहेत; ताज्या सूचना पाहूनच बेत ठरवावा. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी टोचून घेऊन तिचे प्रमाणपत्र पासपोर्टबरोबर ठेवावे. ते तेथे प्रवेश करताना लागतेच; शिवाय परतताना ते जवळ नसेल, तर मुंबईच्या विमानतळावरून घरी जाण्याऐवजी सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते.