जंतू खरा, भाडेही खरे

रोग जंतूमुळे होतो की जंतूला थारा देणाऱ्या देहस्थितीमुळे, हा पाश्चर आणि बेशां यांच्या काळचा वाद अलीकडे पुन्हा उकरून काढला जात आहे. आहारविहार सांभाळला म्हणजे लशीचे कारण नाही, असे म्हणणाऱ्यांनी माझगाव-भायखळ्याचा इतिहास नजरेखालून घालावा.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचे निदान केले. प्लेगचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. तरीही ओल आणि दुर्गंधी हेच रोगाचे मूळ समजून गटारे धुण्यात आली. त्याच सुमारास हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत लस सिद्ध केली, १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली आणि पुढे भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर ती तपासली. जंतूचा निकाल तेथेच लागला असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु ‘जमिनी’चा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले; मात्र प्रारंभीच्या वर्षांत जितके गाळे पाडले तितके बांधले नाहीत. उठविलेला मजूर कामापासून दूर जाऊ शकत नव्हता. साहजिकच तो शेजारच्या गल्लीत, अधिक दाटीत शिरला. रोगट परिस्थिती नाहीशी झाली नाही, तिने केवळ पत्ता बदलला! माझगावच्या ताडवाडीतील बी.आय.टी. चाळी हा त्याच ट्रस्टचा वारसा.

एका खोलीत सारे कुटुंब, हे क्षयाला मानवणारे अर्थशास्त्र आहे. कॉखने क्षयाचा जंतू १८८२ मध्ये दाखविला, औषधेही आली. तरी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झारखंडमधील चाचणीत रुग्णांच्या घरच्यांना पुरेसा शिधा दिल्यावर त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. शिधा म्हणजे मुख्यतः डाळ आणि तांदूळ. कोणतीही नवी लस नव्हे. देहस्थिती ही व्यक्तीच्या संयमाची बाब नसून मजुरी आणि घरभाडे यांची बाब आहे, हे जंतूला नाकारणारे सांगत नाहीत, आणि जंतूवर बोट ठेवणाऱ्या सरकारांनाही ते अडचणीचे वाटते. लशीचा खर्च एका अंदाजपत्रकात बसतो, घरांचा बसत नाही.

क्षयरुग्णाच्या पोषणासाठी सरकार दरमहा ५०० रुपये देत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. त्याच खोलीत निजणाऱ्या त्याच्या मुलाबाळांचा शिधा मात्र ‘निक्षय मित्र’ म्हणविणाऱ्या दात्यांच्या औदार्यावर सोपविलेला आहे.