माकडतापाचा माग

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली आणि भोवतालचे गावकरीही तापाने फणफणले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने मेलेल्या माकडांच्या अवयवांचा अंश उंदराच्या दूधपित्या पिल्लांस टोचला. त्यातून विषाणू हाती लागला. परंतु उंदरात तो मेंदूवरच घाला घालतो, माणसासारखा रक्तस्राव करीत नाही. तेव्हा पुढील अभ्यासास, बिचारी, माकडेच घ्यावी लागली.

हा ताप २०१५ मध्ये सत्तरीतील पालीस व २०१६ मध्ये दोडामार्गातील केर गावी आला. आम्हां पेडणे-डिचोलीकरांस हे दूरचे नव्हे. माकड मेले की गोचिडी त्याला सोडून पाचोळ्यात उतरतात आणि काजू वेचणाऱ्या आपल्या आयाबहिणींस चावतात. मेलेल्या माकडास हात न लावता आरोग्यकेंद्रास कळवावे. रोगाचा पहिला सुगावा बहुधा तेथेच लागतो.