‘शरीफ’ : एका नावाचा महिमा

नामकरण हा आपल्या सोळा संस्कारांपैकी एक. नावातून आशीर्वाद लाभतो ही श्रद्धा मात्र सर्व देशांची आहे. ‘शरीफ’ हे अरबी पुरुषनामच पाहा. ‘शरफ’ म्हणजे मान, प्रतिष्ठा. ती ज्याच्या ठायी आहे तो शरीफ, म्हणजे कुलीन, थोर. आपल्या परिचयाची ‘अश्रफी’ ही सुवर्णमुद्रा याच धातूची. अरबस्तानात ही मुख्यतः वंशदर्शक पदवी होती. पैगंबरांचे नातू हसन यांच्या वंशजांना ती लावीत. १९२४ साली सौदींनी मक्का घेईपर्यंत तेथील सत्ता शरीफांकडेच होती. पुढे पदवीचे नाव झाले आणि ते मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत घरोघरी रुळले.

ते महाराष्ट्रात भोसले कुळातही आले. मालोजीराजांना अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) शाह शरीफ या सिद्धपुरुषाच्या कृपेने पुत्रलाभ झाला, म्हणून पुत्रांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही ही कथा आहे. शरीफजी १६२४ साली भातवडीच्या रणांगणी पडले.

आज मराठीत ‘शरीफ माणूस’ म्हणताना कोणी त्याचे कुळ विचारीत नाही, आचरण पाहतो. नाव वडीलधारे देतात. त्याचा अर्थ ज्याचा त्यानेच सार्थ करावयाचा असतो.