शाहजोग हुंडी आणि फ्रेंड रिक्वेस्ट

व्यापारी घरांत गल्ल्याच्या चाव्या मुलाकडे गेल्या की वडिलांच्या हाती बहुधा स्मार्टफोन येतो. दुकानात दिवसभर भेटणारी माणसे आता भेटत नाहीत. मुलगी सासरी बेंगळूरला, नातू पुण्यास वसतिगृहात. अशा वेळी व्हॉट्सॲप व फेसबुक शिकण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. ती सत्तरीत झाली तरी संकोचाचे कारण नाही. २००४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेले फेसबुक सर्वांना खुले झाले ते सप्टेंबर २००६ मध्ये, आणि व्हॉट्सॲपचा जन्म २००९ चा. म्हणजे आज पंचेचाळिशीत असलेल्या मंडळींनीही ही साधने मोठेपणीच आत्मसात केली आहेत.

शिकण्यातील मोठा अडथळा घरातच असतो. काही विचारावे, तर मुले फोन हातातून घेतात, दोन-चार ठिकाणी बोट लावतात आणि "झालं, बाबा" म्हणून परत देतात. काम होते, शिक्षण होत नाही. बँकेच्या शाखांत संगणक आले त्या काळात निवृत्तीला थोडी वर्षे राहिलेले काही सहकारी प्रत्येक पायरी वहीत लिहून घेत व स्वतःच्या हाताने नोंद करीत. ते शिकले. शेजारच्या तरुणाकडून काम करवून घेणारे अखेरपर्यंत त्याच्यावर अवलंबून राहिले. म्हणून नातवास शेजारी बसवावे, पण फोन आपल्याच हातात ठेवावा. (घरातील स्त्रिया हे पुरुषांहून लवकर शिकतात असे माझे निरीक्षण आहे, सुनेला तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारण्यास त्या लाजत नाहीत.) टंकलेखनाची भीतीही अनाठायी आहे. कळफलकात मराठी भाषा निवडून माइकच्या खुणेला बोट लावले की बोललेले शब्द अक्षरांत उमटतात. आडनावे व रकमा मात्र पाठविण्यापूर्वी वाचून पाहाव्यात.

एवढे आठवडाभरात जमते. खरा अभ्यास यापुढचा आहे, आणि त्याची तयारी आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या झालेली आहे. जुन्या व्यवहारात शाहजोग हुंडी चाले. ती आणून दाखविणाऱ्या कोणालाही रक्कम मिळत नसे. बाजारात पत असलेल्या शाहालाच ती द्यावयाची, आणि समोरचा तसा आहे की नाही याची चौकशी करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्याची. बँकेतही पूर्वी नवे खाते उघडताना जुन्या खातेदाराची ओळख व सही लागे. फेसबुकवर मैत्रीची विनंती, म्हणजे फ्रेंड रिक्वेस्ट, येते तेव्हा असा ओळख देणारा कोणी नसतो. नावाखाली 'म्युच्युअल फ्रेंड्स' म्हणून आपल्या पाच-सहा परिचितांची नावे दिसतात आणि तीच आपल्याला शिफारस वाटते. परंतु त्या पाच-सहांनीही एकमेकांची नावे पाहूनच विनंती स्वीकारलेली असू शकते. प्रत्येकाने दुसऱ्याची सही पाहून सही करावी आणि मूळ माणूस कोणीच पाहिलेला नसावा, असा तो प्रकार.

याहून अवघड प्रसंग म्हणजे ओळखीच्याच माणसाचे बनावट खाते. छायाचित्र व नाव उचलून असे खाते काही मिनिटांत उघडता येते. मग निरोप येतो: रुग्णालयात आहे, तातडीने वीस हजार पाठवा, अथवा लष्करातील एका मित्राची बदली झाली आहे, त्याचे फर्निचर स्वस्तात मिळते आहे. आपल्या समाजाला हा धोका अधिक आहे असे मला वाटते. आपल्याकडे शब्दावर व्यवहार करण्याची रीत आहे, आणि आपल्या परिचय-पुस्तिकांत व वधू-वर सूचींत कुटुंबप्रमुखाचे नाव, व्यवसाय, नातेसंबंध व दूरध्वनी क्रमांक छापलेलेच असतात. फसविणाऱ्याला आणखी काय हवे? असा निरोप आला की त्या व्यक्तीच्या आपल्याजवळील जुन्या क्रमांकावर दूरध्वनी करावा, आवाज ऐकावा, मगच पुढचे. पाचशे रुपयांच्या उधारीसाठी वही उघडून पाहणारे आपण वीस हजारांसाठी दोन मिनिटे थांबू शकतो.

व्हॉट्सॲपवर नोंदणी करताना संदेशाने सहा अंकी कोड येतो. "चुकून तुमच्याकडे आला, मला पाठवा" असे कोणी, अगदी नात्यातल्या नावाने, विचारले तरी तो देऊ नये. तो ज्याच्या हाती पडेल त्याला आपले खाते त्याच्या फोनवर सुरू करता येते आणि मग आपल्याच नावाने आपल्या व्याह्यांकडे पैसे मागता येतात. यावर उपाय म्हणजे सेटिंग्जमधील 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'. तेथे आपण ठरविलेला सहा अंकी पिन नोंदविला की केवळ कोडावर खाते उघडत नाही. शाखेतील तिजोरी दोन अधिकाऱ्यांच्या दोन चाव्यांशिवाय उघडत नसे, त्याचीच ही घरगुती आवृत्ती. यूपीआयचा पिन हा पैसे देण्यासाठी असतो. पैसे घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेश दाखवून 'डिजिटल अटक' करणारे भेटले तर तसा कोणताही प्रकार भारतीय कायद्यात नाही, हे जाणून फोन बंद करावा. रक्कम गेलीच, तर लाजेने घरात लपवू नये. १९३० या क्रमांकावर आणि आपल्या बँकेत लगेच कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी ती अडविण्याची संधी पहिल्या काही तासांतच अधिक असते.

छायाचित्रांविषयी थोडेसे. शिखरजीच्या यात्रेस निघालेले कुटुंब रेल्वेच्या डब्यातूनच सर्वांचे छायाचित्र फेसबुकवर टाकते. घराला कुलूप आहे ही वार्ता त्याबरोबर सर्वत्र जाते. परतल्यावर टाकावे, आणि 'पब्लिक'ऐवजी 'फ्रेंड्स' निवडून टाकावे. लग्नातील दागिन्यांसही हेच लागू आहे.

पुढे पाठविलेल्या संदेशांवर व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाच जणांची मर्यादा घातली. पुष्कळदा फिरलेल्या संदेशावर दोन बाणांची खूण दिसते. २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. अमुक बँक बुडणार, ठेवी काढून घ्या, असा दोन बाणांचा संदेश आला तर तो आपल्यापाशीच थांबवावा. अशा अफवेने ठेवीदारांची रांग लागली, तर सुस्थितीतील शाखेलाही ती सांभाळणे जड जाते.

शाळासोबत्यांना शोधायचे असेल तर फेसबुकवर नाव मराठीत व इंग्रजीत, दोन-तीन प्रकारे लिहून पाहावे. एकट्या 'शहा' आडनावाचीच इंग्रजी लेखने एकाहून अधिक आहेत. मैत्रिणींसाठी माहेरचे आडनावही टाकून पाहावे. सापडल्यास विनंतीबरोबर शाळा, तुकडी आणि वर्गशिक्षकांचे नाव असा दोन ओळींचा निरोप जोडावा; समोरच्यालाही विनंती कोणाची, हे तपासायचे असतेच.