पान्हा आणि पाणी

मुंबईच्या दाट वस्तीतील गोठे शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये गोरेगावच्या पूर्वेला वसवलेली आरे कॉलनी दुधासाठी प्रसिद्ध आहे. मात्र तिथल्या तबेल्यांतील प्रत्येक म्हशीच्या शरीरात दुधापेक्षाही काटेकोर असा पाण्याचा हिशेब रात्रंदिवस चालू असतो. म्हशीच्या दुधात सुमारे ८२ ते ८३ टक्के पाणी असते, त्यामुळे दिवसाला १० लिटर दूध देणारी म्हैस नुसत्या कासेवाटे ८ लिटरांहून अधिक पाणी देऊन बसते, आणि गाईच्या मानाने तिच्या कातडीत घर्मग्रंथी कमी असल्याने उन्हाच्या वेळी तिला डुंबायलाही पाणी लागते.

पारडू ढुसण्या देऊ लागले किंवा सडांना ओळखीचा हात लागला, की म्हैस पान्हा सोडते. हा निरोप कासेपर्यंत नेणारे संप्रेरक, म्हणजे रक्तातून फिरून दूरच्या अवयवाला कामाला लावणारे रसायन, ऑक्सिटोसिन होय. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या खंडातून स्रवते. संस्कृतात ‘पीयूष’ म्हणजे अमृत, तसेच नुकत्याच व्यालेल्या गाईचे दूध, ज्याला मराठीत चीक म्हणतात. ग्रंथीचे हे नाव तबेल्यात तरी फारच शोभून दिसते. याच खंडात व्हॅसोप्रेसिन हे दुसरे संप्रेरक साठवलेले असते. दोन्ही नऊ अमिनो आम्लांच्या साखळ्या असून त्यांत फरक केवळ दोन जागांचा आहे. दोन्हींची रचना उलगडून ती प्रयोगशाळेत घडवणारे व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. पान्ह्याला मराठीत स्वतःचा गोड शब्द आहे, व्हॅसोप्रेसिनच्या, म्हणजे शरीरात पाणी राखण्याच्या, कामाला मात्र तसा शब्द नाही, आणि याचे वाईट वाटावे इतके ते काम सुंदर आहे.

माणसाची दोन मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात, पण लघवी होते दीड-दोन लिटर. गाळलेल्या पाण्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश पाणी सूक्ष्मनलिकांच्या पहिल्या भागातच, कोणाची आज्ञा न घेता, रक्तात परतते. खरा निर्णय शेवटच्या संग्राहक नलिकेत होतो. तिच्या भोवतालचा, मूत्रपिंडाच्या गाभ्यातला द्रव खारट असल्यामुळे पाणी तिकडे ओढले जाते, पण पेशीच्या स्निग्ध आवरणातून सहज जाण्यासाठी त्याला दार हवे असते. हे दार म्हणजे ॲक्वापोरिन नावाची प्रथिने. पीटर ॲग्रे यांनी १९९२ मध्ये तांबड्या रक्तपेशींतील अशा प्रथिनाचे कार्य सिद्ध केले, त्याबद्दल २००३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, आणि संग्राहक नलिकेतील ॲक्वापोरिन-२ हे १९९३ मध्ये उंदराच्या मूत्रपिंडात सापडले.

रक्तातील क्षारांची तीव्रता अवघी एक-दोन टक्के वाढली, तरी मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील पेशींना ती जाणवते, तहान लागते आणि व्हॅसोप्रेसिन रक्तात उतरते. ते संग्राहक नलिकेच्या पेशीवरील व्ही-२ ग्राहकाला, म्हणजे संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटताच पेशीच्या आत चक्रीय एएमपी हे निरोप्या रसायन वाढते, ॲक्वापोरिन-२ बाळगणाऱ्या इवल्या पिशव्या नलिकेच्या पोकळीकडील आवरणात जाऊन मिसळतात आणि दारे उघडी होतात. पाणी पेशीत येते आणि पलीकडच्या बाजूच्या ॲक्वापोरिन-३ व ४ मधून रक्ताकडे निघते. म्हैस असो वा माणूस, सस्तन प्राण्यांत ही व्यवस्था मुळात एकच आहे. ती कोलमडली, म्हणजे संप्रेरक आटले किंवा मूत्रपिंडाने त्याचे ऐकणे सोडले, तर माणसाला दिवसाला दहा लिटरांपर्यंतही फिकी, पाण्यासारखी लघवी होऊ शकते.

दोन संप्रेरकांतील साम्य रुग्णालयातही दुर्लक्षून चालत नाही. प्रसूतीच्या कळा वाढवण्यासाठी ऑक्सिटोसिन मोठ्या मात्रेत आणि भरपूर पातळ सलाइनसोबत दीर्घकाळ दिले गेले, तर ते व्हॅसोप्रेसिनच्याच ग्राहकाला चिकटून पाणी अडवते, रक्तातील सोडियम उतरते आणि स्त्रीला झटकेही येऊ शकतात. एरवी पोटभर पाणी प्यायल्यावर रक्त पुन्हा सौम्य होते, व्हॅसोप्रेसिनचा स्राव थांबतो आणि ॲक्वापोरिन-२ ची दारे पेशीच्या आत ओढली जातात, पुढच्या तहानेपर्यंत.