रनफ्लॅट उतरवल्यावर

२००५ साली बीएमडब्ल्यूची नवी थ्री सीरिज आली, तेव्हा तिच्या डिक्कीत स्टेपनीच नव्हती. चारही चाकांना रनफ्लॅट टायर होते. हवा पूर्ण गेली तरी अशा टायरवर ताशी ८० किलोमीटरच्या वेगमर्यादेत साधारण ८० किलोमीटर जाता येते, म्हणजे बहुतेक वेळा गॅरेजपर्यंत. सोय मोठीच होती. पण चालवायला इतकी सुरेख असलेली ही गाडी खराब रस्त्यावर फार आदळते, ही तक्रारही लगेच सुरू झाली. तेव्हापासून रनफ्लॅट संपले की साधे टायर घालणाऱ्या मालकांची रांग लागली आहे.

आदळण्याचे मूळ टायरच्या बाजूत, म्हणजे साइडवॉलमध्ये आहे. साध्या टायरमध्ये गाडीचा भार मुख्यतः आतली हवा पेलते. ती गेली की बाजू दुमडते, रिम तिच्यावर बसते आणि थोड्याच अंतरात टायर कामातून जातो. रनफ्लॅटच्या बाजूंना आतून कडक रबराचा जाड थर असतो आणि हवा नसताना तोच गाडी तोलून धरतो. अडचण अशी, की हवा भरलेली असतानाही हा थर कडकच राहतो. साधा टायर खड्ड्याचा दणका थोडा दबून पचवतो. रनफ्लॅट त्यातला बराचसा रिमकडे आणि सस्पेन्शनकडे ढकलतो. त्याचे वजनही जास्त असते. स्प्रिंगच्या खालच्या भागाचे वजन वाढले, की रस्त्याच्या चढउतारांबरोबर चाकाला चटकन खालीवर होता येत नाही.

त्यामुळे साधे टायर बसवले की पहिला फरक जाणवतो तो पाठीला. रस्त्याचे सांधे, पॅच मारलेले डांबर, छोटे गतिरोधक यांचा धक्का बोथट होतो. बऱ्याच गाड्यांत टायरचा आवाजही कमी होतो. उंचसखल वळणावर चाक रस्त्याला जास्त वेळ चिकटून राहते, म्हणून तिथे गाडी उलट अधिक भरवशाची वाटते.

काही गोष्टी हातच्या जातात. कडक बाजूमुळे रनफ्लॅटवर स्टिअरिंग वळवताक्षणी गाडी वळते. साध्या टायरची बाजू आधी किंचित वाकते आणि मग चाक दिशा बदलते. सरावलेल्या हाताला हा क्षणभराचा उशीर पहिल्या आठवड्यात खटकतो. सस्पेन्शन रनफ्लॅट धरून बेतलेले असेल, तर वेगात गाडी थोडी सैल वाटू शकते.

म्हणून साधा टायर म्हणजे कमी दर्जाचा, असे समजायचे कारण नाही. त्याच पिढीतल्या एम३ या सर्वांत वेगवान थ्री सीरिजला खुद्द बीएमडब्ल्यूने साधे टायर दिले होते, सोबत पंक्चर दुरुस्तीचे किट. उलट अमेरिकेत शेव्हरोलेची कॉर्व्हेट १९९७ पासून रनफ्लॅटवर धावते आहे. दोन्ही गाड्या वेगासाठीच बनलेल्या; प्रत्येकीचे सस्पेन्शन तिच्या टायरला जुळवलेले, एवढेच.

पिकअप आणि मायलेज यांत मात्र चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. फिरणारे वजन घटल्याचा फायदा होतो, पण रोजच्या वापरात तो क्वचितच कळतो. ब्रेक मारल्यावर गाडी किती अंतरात थांबेल, हे टायरचे रबर आणि नक्षी ठरवतात. शिवाय बहुतेक मालक झिजून दगड झालेल्या रनफ्लॅटची तुलना करकरीत नव्या टायरशी करतात. त्या सुखातला मोठा वाटा निव्वळ नवेपणाचा असतो. रनफ्लॅटही २००५ च्या मानाने आता बरेच मऊ झाले आहेत.

बदलायचेच ठरले तर चारही टायर एकदम बदलावेत. रनफ्लॅट आणि साधे यांची सरमिसळ करू नये. माप, भारक्षमता आणि वेगाचे रेटिंग कंपनीने सांगितल्याप्रमाणेच हवे. त्यानंतर हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा नव्याने सेट करून घ्यायची. बऱ्याच गाड्यांत ती एबीएसच्या सेन्सरवरून चाकांच्या फिरण्यातला फरक ओळखते, त्यामुळे जुन्या टायरचा हिशेब नव्याला लागू पडत नाही.

खरा प्रश्न स्टेपनीचा. ट्यूबलेस टायर, दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असेल, तर प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती नाही, असा बदल केंद्र सरकारने २०२० मध्ये नियमात केला. पण किटमधले द्रावण खिळ्याने पडलेले छोटे भोक बुजवते. पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावर धारदार कडेच्या खड्ड्यात चाक आदळून टायरची बाजूच फाटली, तर ते निरुपयोगी ठरते. अशा वेळी रनफ्लॅटवर गाडी कदाचित पुढच्या गावापर्यंत गेली असती; साध्या टायरवर ती जागीच उभी राहते. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेत धावताना हवा अचानक गेली, तर गाडी ताब्यात ठेवणेही रनफ्लॅटवर सोपे जाते. म्हणून लांबच्या प्रवासाची सवय असलेल्यांनी साध्या टायरबरोबर निदान अरुंद स्टेपनी, जॅक आणि पाना घ्यावा. मुळात स्टेपनीशिवाय आखलेल्या गाडीत तिच्यासाठी वेगळा खळगा नसतो. ती डिक्कीत पट्ट्याने घट्ट बांधावी लागते, आणि एखादी मोठी बॅग घरी ठेवावी लागते.