घरची भट्टी, पाट्याचा कोयता

भाता, ऐरण, घण आणि सांडशी एवढ्यावर घिसाडी रस्त्याच्या कडेला कोयता घडवतो. आपल्यालाही तेवढं पुरे. ऐरणीऐवजी रुळाचा तुकडा चालतो (रेल्वेचा उचललेला नव्हे!). पोलाद मात्र पारखून घ्या. मांजरसुंबा पडलं हायवेवर, तेव्हा भंगारात ट्रकचा कमानपाटा शोधा. त्यात सुमारे ०.६ टक्के कार्बन असतो. साध्या सळईत कमी, म्हणून पाणी देऊनही तिची धार टिकत नाही. जस्त चढवलेला पाइप भट्टीत घालूच नका, धूर विषारी असतो.

तापलेला पाटा लोहचुंबकाला चिकटेनासा झाला (साधारण ७७० अंश) की जरा आणखी तापवून तेलात बुडवा. लगेच घासून चकचकीत करा आणि जांभळट रंग येईपर्यंत हलका शेकवा. हे टाळलं तर पहिल्याच घावाला कोयता काचेसारखा तडकतो. आणि हो, हे उद्योग हॉस्टेलच्या खोलीत नकोत. वर्कशॉपमागे, सरांना विचारून!